खालचा बर्थ मिळेल का?

भारतीय रेल्वेनं मला एक वाईट खोड लावली आहे. साठी उलटल्यापासून खालचा बर्थ हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं मी धरून चालतो. आरक्षणात नाही मिळाला, तर समोरच्या पोराकडे बघत नुसता गुडघा चोळायचा. दौंड यायच्या आत पोरगं वर गेलेलं असतं.

मेक्सिकोत गुडघा चोळून काही होत नाही. हे मला ग्वानाहुआतो नावाच्या गावात कळलं. रात्रीचे साडेनऊ, आठ जणांची खोली, चार दुमजली पलंग, आणि मी लोखंडी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. खालच्या पलंगावर नेदरलंड्सचा एक सव्वासहा फुटी मुलगा पुस्तक वाचत पडला होता. मी गुडघा चोळला. त्यानं पुस्तक बाजूला ठेवलं, काळजीनं माझ्याकडे बघितलं आणि बॅगेतून मलमाची ट्यूब काढून दिली.

याला जबाबदार आमची लेक. ती ह्यूस्टनला असते. आम्ही दोघं तिच्याकडे दोन महिने राहून दमलो होतो, आणि आमच्यामुळे तीही. तेव्हा तिनंच सुचवलं, "बाबा, तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, मेक्सिकोला वेगळा लागत नाही. चार दिवस जाऊन या. मस्त जुनं गाव आहे. मी हॉस्टेल बुक करते." मला वाटलं ती हॉटेल म्हणाली. हॉटेल आणि हॉस्टेल यांत फक्त अर्ध्या 'स'चा फरक. तो अर्धा 'स' सामायिक संडासातला आहे, हे तिथे पोचल्यावर समजलं.

विमानतळ सिलाओला आहे. तिथून टॅक्सी केली. टॅक्सी गावाशी आली आणि गाव दिसायच्या आत जमिनीखाली शिरली. इथून पूर्वी नदी वाहायची. ती पुरात गावात घुसायची, म्हणून तिला दुसरी वाट काढून दिली आणि 1960 च्या दशकात तिच्या जुन्या पात्रातून गाड्यांचा रस्ता केला. डोक्यावर दगडी कमानी, कमानींवर घरं, मध्येच भुयारात बसथांबा, आणि थांब्यावर भाजीच्या पिशव्या घेऊन निवांत उभ्या असलेल्या बायका. मी पुण्याचा. नदीपात्रातल्या रस्त्याचं कौतुक मला कुणी सांगू नये. फरक एवढाच, की यांनी आधी नदी हलवली आणि मग रस्ता केला. आपण रस्ता केला आणि नदीला कळवायचं राहून गेलं. ती बिचारी दर पावसाळ्यात येते.

भुयारात मोबाइलवरच्या नकाशाचा धीर सुटला. आपण वरच्या रस्त्यावर आहोत की खालच्या, हे त्याला ठरवता येईना. निळा ठिपका एका चर्चच्या आत जाऊन उभा राहिला. टॅक्सीवाल्यानं मात्र बरोबर एका कमानीपाशी गाडी थांबवली, बॅगा उतरवल्या आणि बोट वर केलं. मला आधी वाटलं, तो देवाचं नाव घेतोय. तो हॉस्टेल दाखवत होता.

एकशे बारा पायऱ्या होत्या. मोजल्या, कारण बोलण्याइतका श्वास शिल्लक नव्हता. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटरवर आहे, म्हणजे सिंहगडाच्या डोक्यावर आणखी अर्धा सिंहगड ठेवायचा आणि त्यावर चाकांची सुटकेस ओढायची. चाकांचा शोध लावणाऱ्या माणसानं ग्वानाहुआतो पाहिलेलं नव्हतं. "अहो, थांबत थांबत चढा," ही मागून म्हणाली. मी थांबत थांबतच चढत होतो. खरं सांगायचं तर चढत चढत थांबत होतो.

वर पोचल्यावर समोरच्या टेकडीवर एक प्रचंड पुतळा दिसला. त्याचं नाव पिपिला. हा इथला खाणकामगार. 28 सप्टेंबर 1810 ला इदाल्गो नावाच्या पाद्र्याच्या मागे बंडखोरांचं सैन्य इथे आलं, तेव्हा गावातले स्पॅनिश लोक आपली संपत्ती घेऊन धान्याच्या दगडी कोठारात जाऊन बसले. वरून गोळ्यांचा मारा चाललेला. तेव्हा या गड्यानं पाठीवर एक सपाट शिळा बांधली, तिच्या आडोशानं रांगत दारापर्यंत गेला आणि लाकडी दार पेटवून दिलं. तो खरोखर होऊन गेला का, यावर इतिहासकारांचा वाद आहे. इतिहासकारांच्या वादात पडायचं नाही, हे मी पुण्यात राहून शिकलो आहे. पण हॉस्टेलच्या दारात मी त्याच्याकडे बघत असताना मागून पंधरा-पंधरा किलोच्या पिशव्या पाठीवर बांधलेली चार पोरं वाकून, धापा टाकत पायऱ्या चढून आली, तेव्हा माझी खात्री पटली. पिपिला होऊन गेला. तो इथला पहिला बॅकपॅकर.

रिसेप्शनवरची मुलगी फार गोड होती. तिनं दोन चादरी, दोन उशांचे अभ्रे आणि नियम दिले. पलंग आपला आपण घालायचा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर नाव आणि जायची तारीख लिहायची. कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या टोपलीत टाकायचा. या शेवटच्या नियमावर मी तिला सांगणार होतो, की आमचं काम पाण्यावर चालतं, कागदाचा प्रश्नच नाही. पण मला स्पॅनिश येत नाही आणि हे खुणांनी सांगण्यासारखं नव्हतं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीनं भागवलं. त्या बाटलीवर आम्ही नाव आणि तारीख लिहिली नाही.

"गरम पाणी कधी येईल?" असं मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, तर म्हणाली, "आओरिता." मोबाइलनं अर्थ दाखवला: आत्ता. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं. आओरिता. मग माझ्या लक्षात आलं, की हा शब्द आपल्याकडेही आहे. फोनवर "आलोच, निघालोय" म्हणणारा माणूस तेव्हा बनियनवर दात घासत असतो, त्याचंच हे स्पॅनिश. भाषा परकी असली तरी काळ ओळखीचा निघाला की बरं वाटतं.

पाणी शेवटी आलं, आणि ते आल्याचं अख्ख्या मजल्याला कळलं. नळाच्या दोन चाव्या होत्या. एकीवर इंग्रजी 'एफ', दुसरीवर 'सी'. सी म्हणजे कोल्ड, एवढं इंग्रजी मला येतं. मी सी पूर्ण सोडला. स्पॅनिशमध्ये गरमला 'कालिएन्ते' म्हणतात आणि त्याचं पहिलं अक्षर सी आहे. ही माहिती मला कोणत्याही पुस्तकातून मिळालेली नसून पाठीवर मिळाली आहे.

खोलीत आम्ही दोघं, तो नेदरलंड्सचा मुलगा, दोन फ्रेंच मुली, मेक्सिकोतल्याच मॉन्तेरेचा एक विद्यार्थी, थर्मास आणि 'माते' नावाच्या तिकडच्या चहाची पूड घेतल्याशिवाय संडासलाही न जाणारा एक अर्जेंटिनी, आणि एक माणूस ज्याचे आम्हाला तीन दिवसांत फक्त तळवे दिसले. हिला खालचा बर्थ मिळाला होता. पस्तीस वर्षांच्या संसारात अशा गोष्टी तिलाच मिळतात. मी वर. छत नाकापासून हातभर. पोरांची ओळख करून द्यायची एक पद्धत असते: नाव कुणी सांगत नाही, किती महिने फिरतोय ते सांगतात. एक म्हणाली पाच महिने, दुसरा अकरा महिने. माझी पाळी आली. "चार दिवस," मी म्हणालो. खोलीत शोककळा पसरली.

ग्वानाहुआतो या नावाचा अर्थ पुरेपेचा भाषेत 'बेडकांचा डोंगर' असा सांगतात. गावात जागोजाग बेडकांचे दगडी पुतळेही आहेत. बेडूक मात्र कुठे दिसला नाही. रात्री साडेअकराला दिवे गेल्यावर तळव्यांच्या पलंगावरून पहिला आवाज आला, त्याला थर्मासवाल्यानं उत्तर दिलं, आणि नाव कुणी का ठेवलं असावं ते कळलं. सकाळी फ्रेंच मुलींनी मला कानात घालायचे बोळे भेट दिले. मला वाटलं माझी दया आली. ही म्हणाली, "त्या स्वतःसाठीच आणायला गेल्या होत्या, पाकिटात जास्त निघाले. तुम्ही फार घोरलात."

आणि घोरणं थांबलं तरी गाव थांबत नाही. इथे रात्री विद्यार्थ्यांच्या जुन्या स्पॅनिश पोशाखात गवयांचा ताफा निघतो. काळा मखमली डगला, खांद्यावर फिती, हातात गिटार आणि मँडोलिन. यांना एस्तुदिआन्तिना म्हणतात. ते 1903 सालच्या देखण्या हुआरेस नाट्यगृहाजवळून निघतात आणि शंभरेक माणसं मागे घेऊन बोळाबोळातून गात, किस्से सांगत हिंडतात. फार सुंदर प्रकार आहे. पहिल्या रात्री आम्हीही मागे गेलो. दुसऱ्या रात्री आम्ही पलंगावर होतो आणि ते खिडकीखाली होते. तेव्हा कळलं, की मिरवणूक सुंदर आहे की नाही हे आपण कुठल्या बाजूला आहोत यावर ठरतं. मी पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीच्या वाटेवर, अलका चौकाजवळ राहतो. मला हे आधीच माहीत असायला हवं होतं.

ताफा गेला की गच्चीवरची कुत्री. इथे कुत्री रस्त्यावर नसतात, धाब्यावर असतात, आणि घरं एकाच्या डोक्यावर एक असल्यामुळे एका कुत्र्याचं धाबं म्हणजे दुसऱ्याचं अंगण. खालचं वरच्याला ओरडतं, वरचं त्याच्या वरच्याला. तिसऱ्या दिवशी पहाटे, एक डोळा उघडा ठेवून पडलेलो असताना, मला या गावाचा नकाशा पहिल्यांदा समजला. ग्वानाहुआतो हे गावच मुळी दुमजली पलंग आहे. खाली नदीच्या जागेत गाड्या झोपतात, वर माणसं, माणसांवर माणसं, त्यांच्यावर कुत्री, आणि सगळ्यात वरच्या बर्थवर पिपिला. दरी अरुंद आणि डोंगरात चांदी. चांदीसाठी माणसं आली आणि जागा नव्हती, म्हणून एकमेकांच्या डोक्यावर बसली. अठराव्या शतकात जगात चांदी काढण्यात हे गाव सगळ्यांच्या पुढे होतं. एका खाणीची विहीर 600 मीटर खोल आहे, तिला 'नरकाचं तोंड' म्हणतात. त्या काळी इथे खालचा बर्थ म्हणजे तो.

माझी ही उपपत्ती मी हिला सांगितली. ती म्हणाली, "चला, ममी बघायच्या आहेत ना?"

या गावातल्या ममींचं संग्रहालय प्रसिद्ध आहे. मी इजिप्तसारखं काही समजून गेलो होतो, म्हणजे राजे, राण्या, मसाले. इथल्या ममी साध्या माणसांच्या आहेत, आणि त्यांना कुणी मसाला लावलेला नाही. सांता पाउला नावाच्या दफनभूमीत जमिनीत पुरण्याऐवजी भिंतीत कप्पे करून मृतदेह ठेवायचे. एकावर एक, ओळीनं. खालचा, मधला, वरचा. थ्री टियर. हवा कोरडी, कप्पे बंद, त्यामुळे काही देह कुजण्याऐवजी वाळले. आता त्या कप्प्यासाठी नगरपालिकेचा कर होता. नातेवाइकांनी भरला तर ठीक. नाही भरला, तर कप्पा उघडून देह बाहेर. 1865 साली पहिली ममी बाहेर निघाली, ती रेमिहिओ लेरोय नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरची. परक्या गावात मेलेला माणूस, भरणार कोण? 1958 पर्यंत हा प्रकार चालू होता. शंभरावर ममी जमल्या.

मी काचेच्या पेटीपाशी बराच वेळ उभा राहिलो. त्या चेहऱ्यांवर भीती आहे असं लोक म्हणतात. मला नाही वाटली. मला ती अपरात्री पलंगावरून उठवून "तुमचं बुकिंग संपलं" असं सांगितलेल्या माणसांची तोंडं वाटली. काहींच्या पायांत अजून मोजे आहेत. आमच्या खोलीतला तळवेवालाही मोजे घालूनच झोपायचा, पण ते मी मनातून काढून टाकलं.

ही इतका वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "अहो, आपलं तिसऱ्या रात्रीचं भरलंय ना?"

बाहेर ममीच्या आकाराची मिठाई विकायला होती. गुळाच्या पाकाची पिळलेली कांडी, तिला डोकं, हाताची घडी. चारामुस्का म्हणतात. लहान पोरं पायांकडून खायला सुरुवात करत होती. साखरेच्या गाठी गळ्यात घालून हिंडणाऱ्या आपल्याला नावं ठेवायचा अधिकार नाही, पण मी घेतली नाही.

त्या दिवशी एकादशी होती. म्हणजे पुण्यात होती. मेक्सिकोत ती कधी लागते यावर आमची वादावादी झाली आणि शेवटी पंचांग हिच्या मोबाइलमध्ये असल्यामुळे ती जिंकली. आता परदेशात उपवासाचं मिळणार काय, म्हणून मी मनातून खूश होतो. आम्ही इदाल्गो बाजारात गेलो. 1910 सालचा लोखंडी कमानींचा बाजार, आत गेलं की एखादं रेल्वेस्टेशन वाटावं. पहिल्याच दुकानात राजगिऱ्याची वडी. तीच. गुळपापडीच्या आकाराची, वर शेंगदाणे. तिचं इथलं नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. राजगिरा मूळचा याच भागातला. स्पॅनिश आले तेव्हा इथले लोक राजगिऱ्याचा देव करून पूजेत वापरायचे, म्हणून पाद्र्यांनी त्याच्यावर डोळे वटारले. पुढे रताळी दिसली. तीही अमेरिकेतली. शेंगदाणे, बटाटे, पपई, मिरची, सगळी या खंडाची लेकरं. आपला साबुदाणाही ज्या कंदाचा करतात तो इकडचाच. ज्याला आपण चिकू म्हणतो त्याला हे चिकोसापोते म्हणतात, आणि घोलवडच्या माणसांनी हे वाचून उगाच वाद घालू नये. हिनं पिशवी भरली. मी हिशेब केला. कोलंबस निघाला नसता, तर आपले पूर्वज एकादशीला खरोखर उपाशी राहत होते असं म्हणायची वेळ आली असती.

दुसऱ्या दिवशी बारस सोडायला हिनं पोहे करायचं ठरवलं. पोहे आणि हिंगाची डबी हिच्या बॅगेत असतातच, त्याला अमेरिका-मेक्सिको असा भेद नाही. हॉस्टेलचं स्वयंपाकघर सामायिक. मला चित्र दिसत होतं: फोडणीचा वास सुटेल, देशोदेशीची पोरं नाकं वर करत गोळा होतील, ही सगळ्यांना बशा भरून देईल, आणि मी मोहरीबद्दल चार शब्द बोलेन. हिनं तेलात हिंग टाकला. दोन मिनिटांत रिसेप्शनवरची मुलगी धावत आली, तिनं सिलिंडरची चावी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांना अंगणात काढलं. तिला गॅस गळतोय असं वाटलं. अकरा महिने फिरणारा अंगणात अनवाणी उभा होता. तळवेवाला पहिल्यांदाच उभा दिसला. चांगला उंच होता. हिंगाची डबी हातोहात फिरली. वास घेतल्यावर थर्मासवाल्यानं ज्या नजरेनं हिच्याकडे बघितलं, ती मी विसरणार नाही.

पोहे शेवटी झाले. मॉन्तेरेच्या मुलानं तेवढे चाखले. चांगले आहेत म्हणाला, पण मिरची का नाही घातली, असं विचारलं. हिनं चार घातल्या होत्या.

बाहेर खायचं म्हणजे वेगळीच परीक्षा. आम्ही शाकाहारी. 'सिन कार्ने', मांस नको, हे दोन शब्द पाठ केले होते. वेटर मान डोलवायचा आणि चिकन आणायचा, कारण चिकन हे कार्ने नव्हे. अंडं शाकाहारी की मांसाहारी यावर सोसायटीच्या सभेत दीड तास घालवलेल्या माणसाला हे नवीन नव्हतं. खाणकामगारांच्या नावाच्या इथल्या एन्चिलादा, वर परतलेले बटाटे-गाजर घातलेल्या, आत नुसतं चीज, त्या मात्र फार छान. आणि एक गोष्ट मनापासून आवडली: जेवून उठून जाणारा अनोळखी माणूस आपल्या टेबलाशी क्षणभर थांबतो आणि "प्रोवेचो" म्हणतो. आपल्याकडे पंगतीतून उठताना म्हणायचे तसं, सावकाश होऊ द्या. आपल्याकडे हल्ली पंगत नाही, त्यामुळे तो शब्दही आता बुफेच्या रांगेत कुणी म्हणत नाही.

राहता राहिला तो चुंबनाचा बोळ. दोन समोरासमोरच्या घरांच्या बाल्कन्यांत 68 सेंटिमीटर अंतर, आणि त्यावर एक प्रेमकथा: श्रीमंताची मुलगी, गरीब खाणकामगार, बाल्कनीतून भेट, बापाचा खंजीर. जोडप्यानं बोळाच्या तिसऱ्या पायरीवर चुंबन घ्यायचं, नाही तर सात वर्षं दुर्दैव. पायरीसाठी रांग होती. रेशनच्या दुकानात असते तशी, मागचा पुढच्याला "आटपा" म्हणणारी. आमचा नंबर आला. मागे वीस माणसं, समोर फोटोवाला. मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "भिंत धरून उतरा, पायरी गुळगुळीत आहे." आणि पुढे गेली. तिसरी पायरी मला या गावात कुठेच लाभली नाही.

शेवटच्या रात्रीची हकिगत सांगून थांबतो. नेदरलंड्सचा मुलगा दुपारी गेला. जाताना मलमाची ट्यूब माझ्या उशाशी ठेवून गेला. मी तासाभरात त्याच्या खालच्या पलंगावर चादर घातली, उशी लावली, चष्मा ठेवायची जागा ठरवली. तीन दिवसांनी जमीन पायाला लागत होती. नऊच्या सुमाराला दार उघडलं. एकशे बारा पायऱ्या चढून आलेले एक कॅनेडियन गृहस्थ आत आले, पंच्याहत्तरीच्या पुढचे असतील. त्यांनी शिडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश उजवा गुडघा चोळायला लागले.

मी उशाखालून ट्यूब काढली आणि त्यांना दिली.